आपलीच तलवार आपण विकत का घेतो? पुरातन वस्तूंच्या 'सातबाऱ्या'ची गोष्ट

२०२४ च्या जुलै महिन्यात साताऱ्याच्या संग्रहालयात वाघनखं आली, तीही तीन वर्षांच्या उसनवारीवर. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या एका लिलावात नागपूरच्या रघुजी भोसले यांची तलवार निघाली आणि महाराष्ट्र सरकारनं ४७ लाख १५ हजार रुपये मोजून ती घेतली. त्यानंतर आठवडाभरातच हाँगकाँगमध्ये उत्तर प्रदेशातल्या पिपरहवाच्या बौद्ध स्तूपातल्या रत्नांचा लिलाव व्हायचा होता. भारत सरकारनं नोटीस पाठवून तो थांबवला खरा, पण जुलैअखेर ती रत्नं मायदेशी आली ती गोदरेज उद्योगसमूहानं विकत घेतली म्हणून.

उलट २०१४ साली ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी एक चोळकालीन नटराज स्वतः दिल्लीत येऊन परत दिला. त्यासाठी आपण एक पैसाही मोजला नाही.

एक वस्तू उसनी, दोन विकत, एक फुकट. तेव्हापासून घरच्या जेवणाच्या ताटावर, गाडीत, व्हॉट्सॅपवर मला एकच प्रश्न विचारला जातोय: 'आपल्याच वस्तूचे पैसे आपणच का द्यायचे?' प्रश्न रास्त आहे. मलाही राग येतोच. पण या रागाला जरा कागदपत्रांची जोड दिली, तर पुढच्या वेळी काय करायचं ते कळेल. म्हणून हा लेख.

आधी सातबारा समजून घेऊ

जमीन कुणाची हे आपण कसं ठरवतो? सातबारा काढतो. त्यावर फेरफार नोंदी असतात: आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून तिघा भावांकडे, एकानं आपला हिस्सा विकला, त्याची तारीख. मधली एखादी नोंद गायब असली की वकील भुवया उंचावतो.

पुरातन वस्तूलाही असाच एक फेरफारांचा प्रवास असतो. ती कुठल्या गावात, कुठल्या जमिनीतून, कधी निघाली आणि तेव्हापासून आजपर्यंत कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली, या सगळ्या साखळीला संग्रहालयवाले आणि लिलाववाले 'प्रॉव्हेनन्स' म्हणतात. मी यापुढे त्याला वस्तूचा सातबारा म्हणेन. वर सांगितलेल्या चारही वस्तूंचं भवितव्य त्यांच्या सातबाऱ्यानं ठरवलं. त्या कुणाला किती प्रिय आहेत, हे न्यायालय विचारत नाही.

पण वस्तू समोर असताना कागद हवाच कशाला?

कारण मातीतून ओरबाडून काढलेली वस्तू अर्धी मुकी होते. आपल्याच घरचं उदाहरण घ्या. प्रवरेकाठी दायमाबाद म्हणून गाव आहे, श्रीरामपूर तालुक्यात. १९७४ साली तिथं एका गावकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना चार ब्राँझच्या मूर्ती सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. वजन सगळं मिळून साठ किलोंच्या वर. तो रथ एकदा बघाच. दोन बैल जुंपलेले, मागे उभा सडपातळ गाडीवान, आणि रथाच्या दांडीवर चक्क एक कुत्रा उभा. ज्यानं तो घडवला त्यानं गाडीबरोबर निघणारं कुत्रं रोज पाहिलं असणार.

आता प्रश्न असा की हे किती जुनं? काही अभ्यासक ते हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातलं, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचं मानतात. काहींनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका काढली. पुढे तिथं रीतसर उत्खनन झालं, तरी वाद पुरता मिटला नाही. कारण मूर्ती निघाल्या त्या क्षणी मातीचे थर वाचायला तिथं कुणी नव्हतं. दिवाळीत माळ्यावरची ट्रंक रिकामी करताना तळाशी जुने कपडे आणि वर नवे असतात, हे आपल्याला माहीत असतं. पण ट्रंक एकदम उलटी केली की कुठला कपडा कधीचा, हे सांगता येत नाही. जमिनीतही तळाचं जुनं आणि वरचं नवं असतं, आणि सोबत सापडलेल्या खापरांवरून, कोळशावरून वय ठरतं.

दायमाबादच्या त्या गावकऱ्याचा यात काही दोष नाही. मूर्ती वितळल्या नाहीत, सरकारजमा झाल्या, हेच मोठं नशीब. चोर खणतो तेव्हा तर जागाही सांगत नाही. उलट लपवतो.

सापडलं ते कुणाचं? देशागणिक उत्तर वेगळं

इथं खरी गुंतागुंत सुरू होते. समजा, शेत नांगरताना सोन्याच्या मोहरांचा हंडा लागला.

इटलीत तो सरकारचा. १९०९ च्या कायद्यापासून तिथं जमिनीखालचा प्राचीन ठेवा राष्ट्राचा मानला जातो. इजिप्तनं १९८३ च्या कायद्यानं तेच केलं. अमेरिकेत सरकारी जमिनीवर सापडला तर सरकारचा, पण खासगी जमिनीवर सापडलेलं बहुतांशी जमीनमालकाचं.

इंग्लंडची पद्धत तिसरीच. तिथं १९९६ चा 'ट्रेझर अॅक्ट' आहे. मुख्यतः जुन्या सोन्या-चांदीची वस्तू सापडली की कळवावं लागतं. संग्रहालयाला ती हवी असेल तर बाजारभावानं किंमत ठरते आणि ती शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटली जाते. २००९ साली स्टॅफर्डशायरच्या एका शेतात मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या माणसाला अँग्लो-सॅक्सन काळातलं सोनं सापडलं. किंमत ठरली ३२ लाख ८५ हजार पौंड, निम्मी त्याला आणि निम्मी शेतकऱ्याला. सोनं नसलेल्या साध्या वस्तूंसाठीही स्वेच्छेनं नोंद करण्याची सोय आहे, आणि लोक हौसेनं तुटकी बक्कलं आणि नाणी घेऊन नोंदवायला येतात.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे अजून १८७८ चा 'ट्रेझर ट्रोव्ह अॅक्ट' आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की कलेक्टरला कळवायचं. मालक सापडला नाही, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश. ऐकायला उदार वाटतं. पण सरकारला ती वस्तू हवी असेल तर द्यायची रक्कम किती? तिच्यातल्या धातूची किंवा मालाची किंमत, आणि त्यावर एक पंचमांश जास्त.

क्षणभर विचार करा. हजार वर्षांची ब्राँझची मूर्ती, आणि कायदा तिची किंमत भंगाराच्या दरानं मोजतो, वर वीस टक्के. उलट एखादा दलाल दारात उभा राहून त्याच्या शंभरपट देऊ शकतो. माझं स्पष्ट मत आहे की या कलमानं आपल्या शेतकऱ्याला जितकं गप्प बसायला शिकवलं, तितकं कुठल्याच तस्कराला जमलं नसतं. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, हे सगळं खरं. पण तो कायदा देशाच्या दाराशी उभा आहे. शेताच्या बांधावर अजूनही १८७८ च आहे.

चोरीचा माल घेणारा मालक कसा होतो?

'चोरलेली वस्तू विकत घेतली तर ती परत द्यावीच लागणार ना?' आपल्याला असंच वाटतं. पण सगळीकडे तसं नाही.

इंग्लंडमध्ये एका संग्राहकाच्या घरातून जपानी नेत्सुके चोरीला गेली. नेत्सुके म्हणजे किमोनोच्या पट्ट्याला पिशवी अडकवायला वापरत ते बोटभर कोरीव बटण. चोरांनी ती इटलीत नेऊन विकली. घेणाऱ्यानं पुढे ती लिलावासाठी परत लंडनलाच पाठवली आणि मूळ मालकाला ती तिथं दिसली. खटला उभा राहिला. १९८० साली इंग्लंडच्या न्यायाधीशांनी सांगितलं की विक्री झाली तेव्हा वस्तू जिथं होती तिथला कायदा चालेल. इटलीच्या कायद्यात प्रामाणिकपणे घेतलेली वस्तू खरेदीदाराची होते, मग विकणारा चोर असला तरी. आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या देशात, आपली वस्तू, आणि ती दुसऱ्याची झालेली!

तस्करांना हे पाठ असतं. म्हणून मूर्ती सरळ मुंबईहून न्यूयॉर्कला जात नाही. मध्ये दोन-तीन देश फिरते, आणि प्रत्येक थांब्यावर तिच्या सातबाऱ्याला एक नवा, वरवर स्वच्छ फेरफार चिकटतो.

१९७० ची रेघ

हे थांबवण्यासाठी नोव्हेंबर १९७० मध्ये युनेस्कोचा करार झाला. भारतानं १९७७ मध्ये त्याला मान्यता दिली. अमेरिका १९८३ मध्ये आली, ब्रिटन २००२ मध्ये, स्वित्झर्लंड २००३ मध्ये, जर्मनी २००७ मध्ये. मोठे बाजार जिथं, ते देश बरेच उशिरा आले, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कराराच्या दोन मर्यादा समजून घ्यायला हव्यात. एक, तो मागे लागू होत नाही. तलवारीमागची १८१७ ची किंवा पिपरहवाची १८९८ ची गोष्ट त्याच्या कक्षेत येत नाही. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. संग्रहालयातून किंवा स्मारकातून चोरलेली वस्तू परत करण्याचं बंधन आहे, पण ती त्या ठिकाणच्या यादीत नोंदलेली होती असं दाखवता आलं तर. शिवाय प्रामाणिक खरेदीदाराला भरपाई द्यायची तीही मागणाऱ्या देशानं.

यादीत नाव नसलेली मूर्ती म्हणजे रेशनकार्डावर नाव नसलेलं लेकरू. आहे तर खरं, पण दाखवायचं कसं?

मग नटराज कसा घरी आला?

तमिळनाडूत श्रीपुरंतान नावाचं गाव आहे. तिथलं शिवमंदिर ओस पडलेलं. २००६ च्या सुमारास तिथून नटराज चोरीला गेला आणि न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्यामार्फत २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं तो सुमारे ५० लाख डॉलरना घेतला. सोबत कागद होते: मूर्ती अनेक दशकांपूर्वीच भारताबाहेर गेली आहे, असं दाखवणारे. म्हणजे आपल्या १९७२ च्या कायद्याच्या आधीची. बनावट सातबारा असा तयार होतो. तारीख नेमकी कुठे ढकलायची, हे बनवणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं.

तो कोसळला एका फोटोमुळे. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेनं १९५० च्या दशकापासून तमिळनाडूतल्या देवळांमधल्या मूर्तींचे फोटो काढून ठेवले होते. विकत घेतलेल्या नटराजाशी देवळातला फोटो ताडून पाहिला आणि खोटेपणा उघड झाला. जो देव सत्तरच्या दशकात परदेशात होता म्हणता, तो नव्वदच्या दशकात आपल्या गाभाऱ्यात फोटोला कसा काय उभा? त्या व्यापाऱ्याला पुढे २०२२ साली कुंभकोणमच्या न्यायालयानं दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

फोटो नसेल तरी कधीकधी जमतं, पण वाट खडतर असते. १९७६ मध्ये तमिळनाडूतल्याच पाथूरला एका मजुराला जमिनीत नटराज सापडला. हात बदलत तो लंडनला पोहोचला आणि १९८२ साली कॅनडाच्या एका कंपनीनं विकत घेतला. ही मूर्ती पाथूरचीच, हे सिद्ध करायला त्याच जागी सापडलेल्या इतर मूर्तींशी तुलना झाली, चिकटलेली माती तपासली, वाळवीच्या खुणांवर तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. अखेर १९९१ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयानं निकाल दिला, आणि त्यात एक विलक्षण गोष्ट मान्य केली: पडझड झालेलं ते देऊळ स्वतः दावेदार म्हणून उभं राहू शकतं. मालक मागायला आला होता, आणि मालक होता देव! आपल्याकडे देवाच्या नावानं जमिनीचे दावे चालतातच. इंग्लंडच्या न्यायालयात मात्र ती नवलाई होती.

तलवार विकत का, वाघनखं उसनी का?

आता आपल्या वस्तूंकडे येऊ. रघुजींच्या तलवारीच्या पात्यावर देवनागरीत लिहिलंय: 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग'. सेनासाहेबसुभा ही त्यांची पदवी, आणि फिरंग म्हणजे युरोपी बनावटीचं पातं. मालकाचं नाव वस्तूवरच कोरलेलं, याहून पुरावा तो कुठला? पण वस्तू पूर्वी कुणाची होती आणि ती त्याच्याकडून कशी गेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर लुटीत गेली असावी, असा अंदाज आहे. नंतर नजराणा म्हणून गेली असण्याचीही शक्यता आहे. लेखी नोंद नाही. आणि युद्धातली लूट निषिद्ध ठरवणारे आंतरराष्ट्रीय करार आले १८९९ आणि १९०७ मध्ये. न्यायालयात जाऊन हरण्यापेक्षा लिलावात बोली लावणं शहाणपणाचं होतं. सरकारनं ते केलं, हे मला मनापासून आवडलं.

पिपरहवाचं उलटं आहे. तिथं कागद आहेत, पण तेच आडवे येतात. १८९८ मध्ये विल्यम पेपे या इंग्रज जमीनदारानं स्तूप खणला. पेटीत अस्थी, राख आणि शेकडो रत्नं निघाली. ब्रिटिश सरकारनं त्याच १८७८ च्या कायद्यानं बहुतेक ठेवा घेतला, अस्थी सयामच्या राजाला भेट दिल्या आणि काही रत्नं पेप्यांकडे राहू दिली. वंशजांच्या हातात म्हणूनच तेव्हाच्या सरकारनं दिलेला हिस्सा होता. बुद्धाच्या अस्थींसोबत पुरलेलं धन विक्रीची वस्तू होऊ शकत नाही, ही आपली भूमिका न्याय्य होती. नोटिशीनं लिलाव थांबला तो नैतिक दबावामुळे. मालकी मात्र खरेदीनं आली.

आणि वाघनखं? ब्रिटनमध्ये १९८३ च्या कायद्यानं तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या विश्वस्तांना संग्रहातली वस्तू देऊन टाकण्याची मोकळीकच फारशी नाही. उसनी देता येते. नेमक्या २०२४ मध्येच याच संग्रहालयानं आणि ब्रिटिश म्युझियमनं मिळून घानातल्या असांते राजघराण्याकडून लुटलेलं सोनं कुमासीला पाठवलं, तेही तीन वर्षांच्या उसनवारीवर. आपली आणि घानाची गोष्ट एकाच साच्यातली आहे. कायदा बदलायची इच्छा असेल तर मार्ग निघतो. फ्रान्सनं २०२० मध्ये खास कायदा केला आणि बेनिन देशाला २६ वस्तू कायमच्या परत केल्या.

'तिकडे निदान नीट तरी राहतात!'

हा आक्षेप हमखास येतो, आणि घरच्याच माणसांकडून. त्यात तथ्य आहे म्हणून तो झोंबतो. २०१३ मध्ये कॅगनं तपासणी केली तेव्हा केंद्राच्या संरक्षित स्मारकांपैकी ९२ जागेवर सापडलीच नाहीत. २०२३ च्या संसदीय समितीपुढे आकडा आला की देशात अंदाजे ५८ लाख पुरावस्तू आहेत आणि नोंद झाली आहे सुमारे १६ लाख ८० हजारांची.

पण त्याच २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियममधून सुमारे दोन हजार वस्तू चोरीला गेल्याचं किंवा खराब झाल्याचं उघड झालं आणि संचालकांना पायउतार व्हावं लागलं. गेल्या कुठल्या? ज्यांची नीट नोंदच नव्हती त्या. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कपाटातही यादीबाहेरची वस्तू सुरक्षित नाही.

आपल्या वेशीवरचा दगड

आमच्या गावच्या मारुतीमागे एक वीरगळ आहे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. माझ्या लहानपणी तो उघडा होता, नंतर कुणीतरी भक्तीनं त्याला शेंदरी ऑइलपेंट दिला आणि घोड्याचे लगाम बुजून गेले. शेजारच्या गावचा गधेगाळ तर रस्तारुंदीत गेला. दान मोडणाऱ्याला शिव्याशाप देणारा तो दगड स्वतःला वाचवू शकला नाही, आणि त्याचा एकही फोटो कुणाकडे नाही.

चोरीच्या वस्तू शोधताना इंटरपोलसह जगभर एक साधी पद्धत वापरतात, 'ऑब्जेक्ट आयडी' नावाची. वस्तूचे सगळ्या बाजूंनी फोटो, कशाची बनली आहे, मापं, त्यावरचा मजकूर आणि ओळखीची खूण. जुन्या दाखल्यांवर 'उजव्या गालावर तीळ' लिहीत, तसंच. हजारो नटराज एकसारखे दिसतात, पण डाव्या हाताच्या करंगळीचा टवका एकाचाच उडालेला असतो. हे करायला पुरातत्त्वज्ञ लागत नाही. फोन आणि एक पट्टी पुरते. ऊन तिरकं असताना, सकाळी किंवा संध्याकाळी, फोटो काढला की झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. दगडाला खडू, तेल, रंग लावायचा नाही आणि तो हलवायचाही नाही. फोटोंची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि एक पुरातत्त्व विभागाला पाठवायची.

गेल्या दिवाळीत मी आमच्या वीरगळाची नोंद केली. उंची ११२ सेंटिमीटर, रुंदी ४३. वरच्या उजव्या कोपऱ्याचा तीन बोटांएवढा टवका उडालेला, आणि मधल्या चौकटीत डावीकडच्या अप्सरेचं नाक नाही. शेजारची सातवीतली मुलगी पट्टी धरून उभी होती. वहीत तिनं स्वतःच्या अक्षरात तारीख लिहिली.